गाडीतला ‘क्रॉस’ नक्की कोणाचा?

रमजानच्या आसपास मोबाइलवर एक यादी फिरते: ‘मुसलमानांनी जगाला दिलेले शोध’. बीजगणित, कॉफी, कॅमेरा, शस्त्रक्रियेची हत्यारे. यादीला दरवर्षी नवी पालवी फुटते. यंदा तिच्यात एक नवी ओळ होती: मोटारीचा युनिव्हर्सल जॉइंट, संशोधक अल-जझरी. मेव्हण्याने ती पाठवली तेव्हा माझे हात ग्रीसने माखले होते, कारण त्याच आठवड्यात घरच्या जुन्या अँबॅसडरचे दोन्ही जॉइंट बदलायला मी अंगणात पथारी टाकली होती. योगायोग बरा होता. वस्तू हातात असताना तिचा इतिहास तपासणे सोपे जाते.

आधी वस्तू काय आहे ते सांगतो. अँबॅसडरचे इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांना. मधले अंतर एक लांब पोकळ नळी भरून काढते, ती प्रोपेलर शाफ्ट. अडचण अशी की इंजिन आणि गिअरबॉक्स सांगाड्याला बांधलेले असतात, पण मागचा ॲक्सल पाट्यांवर बसलेला असतो आणि प्रत्येक खड्ड्याला वरखाली होतो. म्हणजे शाफ्टने फिरायचेही आणि फिरता फिरता वाकायचेही. यावरचा तोडगा दिसायला अगदी साधा आहे. शाफ्टच्या टोकाला दोन कानांचा एक फोर्क, समोरच्या भागाला तसाच दुसरा फोर्क, पहिल्याशी काटकोनात. दोघांच्या मध्ये अधिकच्या चिन्हासारखा पोलादी तुकडा. त्याच्या चार हातांवर चार वाट्या, प्रत्येक वाटीत आतून उभ्या लावलेल्या बारीक सुया. या सुयांवर तो हात हलतो. इंग्रज याला हुकचा जॉइंट म्हणतात, जर्मन आणि फ्रेंच कार्डानचा म्हणतात, अमेरिकेत बराच काळ स्पायसर हे नाव चालले. आपल्याकडच्या गॅरेजात त्याला नुसते ‘क्रॉस’ म्हणतात, आणि मला विचाराल तर चौघांत हेच नाव सरस. कुणाची मालकी सांगत नाही, आकार सांगते.

क्रॉस गेला की गाडी स्वतःच कळवते. पहिला गिअर टाकून क्लच सोडला की खालून ‘खट्’, रिव्हर्सला पुन्हा ‘खट्’. ठरावीक वेगाला पायाखालची पत्र्याची फरशी थरथरते. खाली वाकून पाहिले तर वाटीच्या कडेला तांबूस भुकटी दिसते, म्हणजे आतले ग्रीस संपून लोखंड लोखंडाला खाते आहे. शाफ्ट हाताने धरून मागेपुढे फिरवला आणि फोर्क व क्रॉस यांच्यात जराही ढिलेपणा जाणवला, तर दुसरी तपासणी लागत नाही.

काम घरी होण्यासारखे आहे, घाई नसली तर. मागची बाजू उचलायची, पण गाडी जॅकवर ठेवून तिच्याखाली जायचे नाही. दोन्हीकडे भक्कम घोड्या लावायच्या आणि पुढच्या चाकांना दगड. मागच्या फ्लँजचे चार नटबोल्ट काढण्याआधी दोन्ही बाजूंवर रंगाची एक रेघ ओढायची, म्हणजे परत बसवताना जोडी जुळते. शाफ्ट खाली आला की क्रॉसच्या वाट्यांवरच्या सर्कलिपा काढायच्या. त्या गंजलेल्या असतात, उडून डोळ्यात जाऊ शकतात, म्हणून चष्मा हवा. मग फोर्कच्या कानाजवळ तांब्याच्या हातोडीने ठोकत राहिले की समोरची वाटी हळूहळू वर येते. माझ्या गाडीच्या मागच्या क्रॉसच्या दोन वाट्या निघाल्या, तिसरीने अर्धा दिवस खाल्ला.

निघालेला क्रॉस रॉकेलने धुऊन उन्हात धरला. चारही हातांवर ओळीने बारीक खाचा होत्या, नख फिरवले तर मोजता याव्यात अशा. या खाचा कशाने पडतात हे समजले की अर्धा जॉइंट समजला. चेंडूचे बेअरिंग गोल गोल फिरते, त्याचा प्रत्येक चेंडू सगळीकडे जातो. क्रॉसच्या सुया मात्र पूर्ण फेरी कधीच मारत नाहीत. शाफ्ट हजारो फेरे घेतो, सुई आपल्या जागी दोनचार अंश पुढे, दोनचार अंश मागे एवढीच डोलते. सगळा भार त्याच त्या रेघेवर पडतो आणि ग्रीस आटले की ती रेघ खाच होते.

नवा क्रॉस बसवताना वाट्यांत ग्रीस भरून सुया चिकटवायच्या आणि व्हाइसमध्ये समोरासमोरच्या दोन वाट्या सावकाश दाबत न्यायच्या. सर्कलिप तिच्या खाचेत बसेना, तर जोर लावायचा नाही. हमखास एखादी सुई आडवी पडून वाटीच्या तळाशी गेलेली असते. उघडायचे, ती उभी करायची, पुन्हा दाबायचे.

आमच्या गल्लीतले मिस्त्री चाचा, ज्यांची व्हाइस मी मागून आणली होती, ते संध्याकाळी बघायला आले. पन्नास वर्षे या धंद्यात काढलेला माणूस. शाफ्टमध्ये एक सरकती खाचांची जोडणी असते, गाडी उसळली की शाफ्ट तिथे लांब-आखूड होतो. त्या जोडणीचे दोन भाग वेगळे केले तर ते कुठल्याही खाचेत परत बसवता येतात, आणि गडबड तिथेच होते. चाचांनी आधी तेच पाहिले. शाफ्टच्या दोन टोकांच्या फोर्कांचे कान बोटाने दाखवून म्हणाले, “दोनो कान एक लाइन में होना. नइ तो गाडी रोती.” जुन्या दुरुस्ती-पुस्तिकांत हेच वेगळ्या भाषेत असते: दोन्ही भागांवर कोरलेले बाण जुळवा. का जुळवायचे हे पुस्तिका सांगत नाही, चाचाही सांगत नाहीत. खरा इतिहास या ‘का’मध्ये आहे.

१६६४ साली गास्पर शॉट नावाच्या जर्मन जेझुइट पाद्र्याचे ‘टेक्निका क्युरिओझा’ हे पुस्तक आले. नवलाईच्या यंत्रांचा हा ग्रंथ. त्यात या जॉइंटचे वर्णन आहे, आणि त्याच्यामुळे एका दांड्याची गती दुसऱ्या दांड्याला जशीच्या तशी मिळते असे शॉट सांगतो. ते चूक आहे. पण ही चूक नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, कारण पहिला दांडा एक फेरा घेतो तेव्हा दुसराही बरोबर एकच फेरा घेतो. फरक फेऱ्याच्या आत असतो. वाकलेल्या जॉइंटच्या पुढचा दांडा एका फेऱ्यात दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो.

हे पकडले रॉबर्ट हुक याने. लंडनच्या रॉयल सोसायटीत प्रयोग करून दाखवण्याची नोकरी करणारा हा तिरसट आणि विलक्षण हुशार माणूस. शाळेत स्प्रिंगचा नियम शिकताना त्याचे नाव येते, तोच. १६६० च्या दशकाच्या अखेरीपासून तो या जॉइंटच्या मागे होता. आकाशनिरीक्षणाची यंत्रे घड्याळाच्या साहाय्याने तिरकी फिरवण्यासाठी त्याला तो हवा होता. १६७४ आणि १६७६ च्या त्याच्या दोन पुस्तिकांत जॉइंट येतो, आणि गती एकसारखी राहत नाही हे तो नेमके हिशेबाने मांडतो. हिशेब आजही तोच आहे. जॉइंट ३० अंशांत वाकलेला असेल आणि पहिला दांडा मिनिटाला १००० फेऱ्यांच्या गतीने सारखा फिरत असेल, तर दुसऱ्याची गती ८६६ आणि ११५५ यांच्यामध्ये वरखाली होत राहते. अँबॅसडरच्या शाफ्टचा वाक याच्या कितीतरी कमी असतो. ५ अंश धरला तर ९९६ आणि १००४. आकडा किरकोळ वाटतो, पण वजनदार शाफ्ट सेकंदाला कित्येक वेळा असा हिसके खात असेल तर थरथर फरशीपर्यंत येतेच.

१६८३ मध्ये हुकने उपायही सांगितला. एक जॉइंट गती बिघडवतो, तर मधल्या दांड्याच्या दुसऱ्या टोकाला तसाच आणखी एक लावा, असा की पहिला जेव्हा पुढे धावेल तेव्हा दुसरा तेवढाच मागे ओढेल. त्यासाठी दोन्ही टोकांचे वाक सारखे हवेत आणि मधल्या दांड्याच्या दोन फोर्कांचे कान एका रेषेत हवेत. म्हणजे चाचांचे वाक्य. कान रेषेत नसले तर दोन चुका एकमेकींना मारण्याऐवजी एकमेकींत मिसळतात, आणि गाडी रडते.

मग यादीतल्या ओळीचे काय? अल-जझरी थोर होताच. दियारबकरच्या अर्तुकी दरबारात तो यंत्रे बनवत असे आणि १२०६ साली त्याने आपल्या यंत्रांचा सचित्र ग्रंथ पुरा केला. त्यातला पाणी उपसण्याचा जोडपंप गोल फिरण्याचे रूपांतर पुढेमागे सरकण्यात करतो, आणि यंत्रांच्या इतिहासात तो मैलाचा दगड मानला जातो. पण वाकत्या दांड्याची ही जोडणी त्याच्या खात्यावर टाकायला आधार नाही. ज्याच्याजवळ स्वतःचे एवढे आहे त्याला उसने दागिने कशाला घालावेत?

कार्डानोचे नावही तसे उसनेच. जिरोलामो कार्डानो हा सोळाव्या शतकातला इटालियन वैद्य आणि गणिती. १५५० च्या आपल्या ग्रंथात त्याने एकात एक बसवलेल्या डोलत्या कड्यांचे वर्णन केले. बाहेरची कडी एका अक्षावर, आतली तिच्याशी काटकोनातल्या अक्षावर, त्यामुळे मधली वस्तू कशीही हलवली तरी सरळ राहते. जहाजावरचे होकायंत्र असे टांगतात. आपल्या क्रॉसची आई हीच, कारण दोन काटकोनी अक्षांची युक्ती तीच आहे. पण कार्डानोने हा शोध आपला म्हटला नव्हता आणि तो त्याचा नव्हताही. चीनमध्ये दुसऱ्या शतकातल्या डिंग हुआन या कारागिराची अंथरुणात ठेवायची धूपदाणी अशा कड्यांवर टांगलेली होती. ग्रीक फायलोच्या नावावर एक आठकोनी दौत सांगतात, कशीही उलटवली तरी शाई न सांडणारी. गंमत अशी की फायलोचा हा ग्रंथ आपल्याला अरबी भाषांतरातून मिळाला आहे, आणि दौतीचा मजकूर मूळचा ग्रीक की नंतर कुणी अरबीत घातलेला, यावर विद्वानांत वाद आहे.

मला स्वतःला यातली सर्वांत आवडती वस्तू लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे: मम्लूक अमीर बद्रुद्दीन बैसरी याच्यासाठी १२६४ ते १२७९ च्या दरम्यान घडवलेली पितळी धूपदाणी, चांदीच्या जडावाची, जाळीदार, चेंडूसारखी गोल. आत अशाच कड्यांवर निखाऱ्यांची वाटी डोलते. गोळा कसाही फिरवा, निखारा सांडत नाही. यादीत टाकायचीच असेल तर ही धूपदाणी टाका. तिच्यावर मालकाचे नाव कोरलेले आहे, तारीख ठरवता येते आणि कुणी हरकत घेणार नाही. मात्र ‘पहिली’ म्हणू नका.

आता ज्या गोष्टीसाठी हा सगळा खटाटोप केला तिच्याकडे येतो. हुकला जॉइंटची विषम गती दोष म्हणून दिसलीच, पण तिच्यात त्याला एक उपयोगही दिसला. सूर्याच्या छायायंत्रावर सावली जशी कमीजास्त वेगाने सरकते, अगदी त्याच प्रमाणात हा जॉइंट पुढचा दांडा फिरवतो. म्हणजे योग्य कोनात वाकवलेला जॉइंट घड्याळाला जोडला, तर घड्याळाची सारखी गती छायायंत्राच्या सावलीच्या गतीत बदलते. क्रॉसची थरथर आणि सावलीची चाल, नियम एकच.

आणि सावली हा आमचा घरचा विषय. जुहर सूर्य माथ्यावरून कलला की सुरू होते, असर सावलीच्या लांबीवर ठरते. वस्तूची सावली, दुपारची सावली वजा करून, वस्तूएवढी झाली की शाफई मताने असर. हनफी मताने दुप्पट झाली की. म्हणून कोकणातल्या मशिदींत असरची अजान घाटावरच्या बहुतेक मशिदींपेक्षा लवकर होते, हे कोकणात सोयरीक असलेल्या प्रत्येक घाटी मुसलमानाला माहीत आहे. घड्याळे येण्याआधी मोठ्या मशिदींत वेळ सांगायला ‘मुवक्कित’ नेमलेला असे. दमास्कसच्या उमय्यद मशिदीत चौदाव्या शतकात हे काम इब्न अल-शातिर करीत असे. हिजरी ७७३ साली, म्हणजे १३७१-७२ मध्ये, त्याने मशिदीच्या मिनारावर दोन मीटर लांब आणि एक मीटर रुंद संगमरवरी छायायंत्र बसवले. त्याची मुख्य सावलीची कडा पृथ्वीच्या अक्षाला समांतर आहे. त्यामुळे तासांच्या रेषा हिवाळा-उन्हाळा न बदलता सारख्याच तासांच्या राहतात.

तास सारखे असले तरी रेषांमधले कोन सारखे नसतात. दमास्कसच्या अक्षांशावर, सौर वेळेप्रमाणे, दुपारी बारा ते एक या तासात सावली साधारण ८ अंश सरकते. पाच ते सहा या तासात जवळजवळ २६ अंश. सूर्याचा कोन सारख्या गतीने वाढतो, सावली कधी रेंगाळते, कधी धावते. हे गणित करायला लागते टॅन्जंट. सूर्याच्या कोनाचा टॅन्जंट घ्यायचा, त्याला अक्षांशाच्या साइनने गुणायचे, उत्तर म्हणजे सावलीच्या कोनाचा टॅन्जंट. क्रॉसचे गणितही असेच: पहिल्या दांड्याच्या कोनाचा टॅन्जंट, गुणिले वाकाचा कोसाइन. दमास्कसचे छायायंत्र जॉइंटने चालवायचे म्हटले तर वाक सुमारे साडेछप्पन्न अंशांचा द्यावा लागेल.

टॅन्जंटला अरबी गणितात नाव काय होते? ‘ज़िल्ल’, म्हणजे सावली. नवव्या शतकात बगदादच्या हबश अल-हासिबने सावल्यांची कोष्टके केली, अकराव्या शतकात अल-बिरुनीने सावल्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. नमाजेची वेळ आणि गणित यांची सोयरीक तेव्हापासूनची. पण याच वाक्याचा दुसरा अर्धा भाग यादीवाले गाळतात: साइन हा शब्द संस्कृतातला. ‘ज्या’ आणि ‘जीवा’ यांचे अरबीत ‘जीब’ झाले, ते ‘जैब’ असे वाचले गेले, जैब म्हणजे वस्त्राची घडी किंवा छाती, आणि त्याचे लॅटिन भाषांतर ‘सायनस’. म्हणजे छायायंत्राच्या एका ओळीच्या हिशेबात अर्धा भाग उज्जैनकडचा, अर्धा बगदादचा. हुक आणि शातिर यांच्यात गुरुशिष्याचा धागा ओढायची काही गरज नाही. सावलीचा नियम कुणाच्या मालकीचा नसतो, तो मोजणाऱ्याला सापडतो.

मोटारीपर्यंतची पुढची वाट छोटी आहे. सुरुवातीच्या बऱ्याच गाड्या सायकलसारख्या साखळीवर चालत, धूळ-चिखल खात. १८९८ मध्ये लुई रेनॉने आपल्या छोट्या गाडीत साखळी काढून शाफ्ट घातला. अमेरिकेत क्लॅरेन्स स्पायसरने १९०३ साली बंदिस्त, वंगण धरून ठेवणाऱ्या जॉइंटचे पेटंट घेतले आणि १९०४ पासून न्यू जर्सीत ते बनवायला घेतले. हार्डी स्पायसर हे नाव जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या पुस्तिकांत पानोपानी दिसते; मॉरिस ऑक्सफर्डच्याही, आणि मॉरिस ऑक्सफर्ड म्हणजेच आपली अँबॅसडर, जी १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून २०१४ पर्यंत उत्तरपाड्यात बनत राहिली.

पुढची चाके ओढायची आणि तीच वळवायची असतील तर हा क्रॉस अपुरा पडतो, कारण वळताना वाक फार मोठा होतो आणि हिसका हाताला लागतो. त्यासाठी १९२० च्या दशकात वाइस, झेप्पा, ग्रेग्वार आणि फनाय यांनी एकसारखी गती देणारे जॉइंट काढले, बहुतेक चेंडूंवर चालणारे. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपमध्ये मालाच्या टंचाईमुळे पुढच्या ॲक्सलला जो मिळेल तो, असे चार प्रकारचे जॉइंट बसवले गेले. स्वातंत्र्यानंतर मुंबईत जीप जोडायला घेणाऱ्या महिंद्रा कंपनीचे मूळ नाव ‘महिंद्रा अँड मोहम्मद’. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्ये पाटी बदलली. यादीवाल्यांना हे नाव मात्र आठवत नाही.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि सर्वसामान्यांच्या गाडीखालून प्रोपेलर शाफ्ट हळूहळू नाहीसा झाला. क्रॉस बदलता येणारी मिस्त्र्यांची पिढीही त्याबरोबर म्हातारी झाली. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात मुसलमान कामगार ज्या धंद्यांत जास्त आढळतात त्यांत वाहनदुरुस्ती आहे. आमच्या भागात त्यासाठी अहवाल लागत नाही, बसस्टँडमागच्या गॅरेजांच्या पाट्या वाचल्या तरी पुरे. बाराव्या वर्षी शाळा सुटलेली ही मुले हुकचा नियम हाताने शिकली. ‘आपल्या लोकांचे योगदान’ यावर लिहिणाऱ्या कुणी त्यांच्यापैकी एकाचीही मुलाखत घेतल्याचे मी वाचलेले नाही. सर्कलिप बसली हे आवाजावरून ओळखणे, ग्रीस भरताना चारही वाट्यांच्या कडेने ते डोकावेपर्यंत न थांबणे, कान रेषेत ठेवणे, हे सारे हाताने शिकायचे काम आहे आणि चाचांच्या दोन्ही मुलांनी हा धंदा घेतलेला नाही.

क्रॉस स्वतः मात्र संपलेला नाही. ट्रकखाली तो आहे, आणि उसाच्या रानात ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटर यांना जोडणाऱ्या शाफ्टवरही दोन्ही टोकांना आहे. बांधाशी वळताना चालकाने रोटाव्हेटर तसाच फिरता ठेवून उचलला की दोन टोकांचे वाक सारखे राहत नाहीत आणि शाफ्ट खडखडायला लागतो. जाणता चालक आधी पीटीओ बंद करतो, मग उचलतो.